बेटावरच्या मांडवाची खरी हकिकत

दांडिया बाजार, बडोदे

आमच्या शलाकेचे एकुलते एक मामा, देवासचे श्रीपतराव यांना फत्तेसिंहाचा मुजरा. हा मुजरा कागदावरच गोड करून घ्यावा, कारण कमरेतून वाकायला मला आणखी पंधरा दिवस मनाई आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? धैर्यशीलला म्हणावं, लग्न झालं म्हणून काकांना फोन करायचा नाही असं कुठे लिहिलेलं नाही. आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे मी सोडून.

कंबर का गेली त्याचा हिशेब आधी देतो. बँकॉकमधल्या एका हॉस्टेलात एका खाटेचं भाडं, दोन रात्रींचं, पाचशे ऐंशी बाट. आपले साधारण सोळाशे रुपये. त्यावर कमरेचा पट्टा अकराशे पन्नास. फतेगंजातल्या फिजिओथेरपीवाल्या बाईंचे तीन हजार (सहा वेळा जायचं असतं, आणि दर वेळी त्या मला माझ्या वयाची आठवण करून देतात, त्याचे वेगळे घेत नाहीत). म्हणजे ती खाट मला पडली पावणेसहा हजारांना. एवढ्यात त्याच शहरात नदीकडे तोंड असलेली खोली मिळत होती, सकाळच्या नाश्त्यासकट. हे मला आधीपासून ठाऊक होतं. ती खाट मी पैसे वाचवायला घेतलेलीच नव्हती. मग कशाला घेतली, ते सांगायला हे पत्र.

फोन केला असता. पण तुमची बहीण घरात असते. माझे कान तिखट आहेत हे सगळ्या दांडिया बाजाराला माहीत आहे, पाचशे माणसांच्या पंगतीत कुठल्या रांगेत कोण श्रीखंडाला नाव ठेवतोय ते मला मांडवाच्या दारातून कळतं. पण कमळाबाईचे कान त्याच्यावर आहेत. तिला मी कुणाशी काय बोलणार तेही ऐकू येतं. म्हणून कागद.

तर तो व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला असेलच. त्यात मी हाफ पँटवर, डोक्याला पंचा गुंडाळून, समुद्राकाठी एका मांडवाखाली उभा आहे आणि दोन्ही हात वर करून ओरडतो आहे. खाली आमच्या व्याह्यांनी लिहिलंय, ‘जागा पसंत. मुलीचे वडील कामाला लागले.’ श्रीपतराव, त्या व्हिडिओतला माणूस मी आहे, एवढंच त्यात खरं. मी होकार दिलेला नाही. माझ्या तोंडून होकाराचा ‘हो’ सोडा, नुसती मानही हललेली नाही, आणि मी हलवेपर्यंत या घरातलं लग्न समुद्र ओलांडत नाही, हे तुम्ही देवासला सगळ्यांना छातीठोकपणे सांगावं.

आता मुळापासून. शलाका आणि शुभंकर यांनी ठरवलं की लग्न करायचं ते एका बेटावर, वाळूत, साठ माणसांत. (बेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही मोबाइलवर फोटो बघाल आणि तुम्हाला आवडेल.) मी विचारलं, साठ म्हणजे कोण? आपल्याकडे साठ तर नुसते वाढपी असतात. ती म्हणाली, पप्पा, जमाना बदललाय, जरा चिल करो ने. ही आमची मुलगी. रागावली की मराठी, समजूत घालायची असली की गुजराती.

तुम्ही मला चोवीस लोखंडी खुर्च्यांपासून ओळखता. त्या खुर्च्या हातगाडीवर घालून मी स्वतः ढकलत न्यायचो, आणि मोजून परत आणायचो. आज बडोद्यात तीन ठिकाणी एकाच मुहूर्तावर माझे मांडव उभे राहतात. एवढ्या वर्षांत लोकांच्या किती मुली माझ्या छताखालून सासरी गेल्या. रिकाम्या मैदानावर उभं राहिलं की मी मनात शलाकेचा मांडव बांधतो, दार कुठे, बोहलं कुठे, सनईवाले कुठे, आणि गिऱ्हाईक आलं की सोडून ठेवतो. आणि आता मांडववाल्याच्याच मुलीचं लग्न परदेशात, दुसऱ्याच्या मांडवात. उद्या गिऱ्हाइकानं विचारलं, काका, तुम्हाला स्वतःचा मांडव पसंत पडला नाही का, तर मी काय सांगू? चिल करो ने?

पण मुलीकडच्याने ‘नाही’ म्हणायचं नसतं. म्हटलं तर ते अंगावर येतं, बोलणी बिनसतात, पोरगी रडते आणि जन्मभर ऐकावं लागतं. ‘नाही’ म्हणायचा मान मुलाकडच्यांचा. म्हणजे हे लग्न बडोद्यात आणायचं तर ‘नाही’ मोहनरावांच्या तोंडून यायला हवं होतं.

मोहनराव म्हणजे शुभंकरचे वडील. तुम्ही त्यांना अजून पाहिलेलं नाही. विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकवून निवृत्त, कारेलीबागेत टुमदार बंगली. त्यांचे पणजोबा सरकारी ग्रंथालयात पोथ्या लावत, माझे पणजोबा त्याच ग्रंथालयाच्या दारावर बंदूक घेऊन उभे असत. म्हणजे ओळख चार पिढ्यांची, फक्त मधे दार होतं. माणूस अत्यंत सज्जन आणि अत्यंत नाजूक. पंखा दोनवर, जेवण साडेसातला, पाणी उकळून गाळलेलं, वारा सुटला की कानाला मफलर. घरी भेंडीची भाजी जरा तिखट झाली तर दुसऱ्या दिवशी सोसायटीला कळतं. मी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मला रस्ता दिसला. मीच सुचवलं की मुलांनी पसंत केलेली जागा आपण दोघे बाप जाऊन पाहून येऊ. बायका खूश, मुलं खूश. आणि जायची-राहायची व्यवस्था माझ्याकडे. म्हटलं, जगात जेवढं स्वस्त मिळतं तेवढं सगळं यांना दाखवायचं. तिसऱ्या दिवशी हा माणूस हात जोडून म्हणेल, फत्तेसिंहराव, लग्न बडोद्यातच बरं.

बेत उत्तम होता. फक्त एक गोष्ट मी धरली नव्हती, ती म्हणजे मी मुलीचा बाप आहे. स्वस्त जागी प्रत्येक गोष्टीत एक वाईट आणि एक त्याहून वाईट असते. आणि व्याह्यांना बरी देऊन वाईट आपण घ्यायची, हे मला कुणी शिकवावं लागत नाही, अंगातच आहे. विमानात दोन जागा मिळाल्या, एक वाटेकडची आणि एक मधली, मधल्या जागेच्या पलीकडे एक पैलवान झोपलेला. मोहनरावांना वाटेकडची दिली. हॉस्टेलात गेलो. एका खोलीत बारा खाटा, एकावर एक, रेल्वेच्या डब्यासारख्या, आणि प्रत्येकीला पडदा. आमच्या वाट्याला एक खालची, एक वरची. व्याही वर चढणार आणि मी खाली पसरणार, हे कसं दिसेल? मी चढलो. शिडी कुठल्या तरी माकडासाठी केलेली असावी. वर गेल्यावर छत माझ्या नाकापासून एवढं जवळ की कूस बदलायची तर आधी उतरून, वळून, पुन्हा चढायचं. खालून मोहनरावांचा आवाज आला, की वा, काय छान सोय आहे, अगदी वसतिगृहात आल्यासारखं वाटतंय. मी सकाळपर्यंत छताकडे बघत होतो. दुसरं बघायला जागाच नव्हती.

मला वाटलं, सकाळी तरी पोट बिघडेल. सकाळी पडदा सरकवून पाहतो तो व्याही जमिनीवर मांडी घालून बसलेले, भोवती चार गोरी पोरं, आणि मधोमध माझा डबा. तुमच्या बहिणीनं दिलेले थेपले आणि लीलो चेवडो (हा मी फक्त माझ्यासाठी नेला होता, कारण बाहेरचं व्याह्यांनी खायचं आणि आजारी पडायचं, असं ठरलेलं होतं) प्राध्यापक त्या पोरांना वाटत होते आणि बडोद्याचा चेवडा हिरवा का असतो ते इंग्रजीतून समजावत होते. दुपारपर्यंत त्यांना सगळं हॉस्टेल ‘प्रोफेसर’ म्हणायला लागलं. संध्याकाळी ते पदपथावरून हत्तींची छापील विजार घेऊन आले. शंभर बाट सांगितले, शंभर दिले, वर त्या बाईला थँक्यू म्हणाले. अर्थशास्त्र यांनी कुणाला शिकवलं असेल देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाड्यांच्या गर्दीत टॅक्सीत न बसवता कालव्यातल्या होडीत बसवलं. ती होडी म्हणजे तिथली शहर बस. भाडं मोजून हसू येईल इतकं कमी. भरधाव जाते, कालव्याचं पाणी काळंशार, आणि ते अंगावर उडू नये म्हणून कडेला ताडपत्रीचा पडदा असतो, तो कडेच्या माणसानं दोरी ओढून धरायचा असतो. कडेला कोण बसलं हे तुम्ही ओळखलंच असेल. मोहनराव आतल्या बाजूला, कोरडे ठणठणीत, हत्तीच्या विजारीत. मी दोरी ओढून धरलेली. उभा जन्म ताडपत्र्या ताणण्यात गेला, म्हणून मला त्या पडद्याची शिवण कुठे उसवली आहे तेही दिसत होतं, आणि पाणी नेमकं तिथूनच येत होतं. जेवायला मोहनरावांनी रस्त्यावर उभं राहून शाकाहारी नूडल्स खाल्ले, दोनदा मागून. त्यांना काही झालं नाही. मला वासानं झालं.

मग बेटाकडे. विमानानं तासाभराचा रस्ता, म्हणून मी बस घेतली. शेवटची रांग. खाली इंजिन. इंजिनाच्या अगदी वरच्या जागेवर कोण, ते आता लिहीत नाही. त्यानंतर बोट. श्रीपतराव, खरी गोष्ट बोटीत घडली आणि ती मी तुमच्या बहिणीलाही सांगितलेली नाही.

मी कठड्याला टेकून डोळे मिटून बसलो होतो. व्याह्यांना वाटलं मला झोप लागली. ते जरा बाजूला जाऊन विहीणबाईंशी, मैथिलीताईंशी, फोनवर बोलायला लागले. अगदी हळू. पण मला इंजिनाच्या घरघरीतूनसुद्धा माणसाचं बोलणं वेगळं काढता येतं. ते म्हणाले,

“माणूस सोन्यासारखा आहे गं, पण धंदा पार बसलेला दिसतोय. स्वतः एकेक बाट मोजतोय, आणि मला मात्र चांगली जागा देतोय. जीव तुटतो बघ. लग्नाचा सगळा खर्च आपण करू. आणि शुभंकरला बजावून सांग, त्यांना हे कळता कामा नये.”

माझी समुद्रात उडी मारायची तयारी झाली होती. चोवीस खुर्च्यांपासून इथवर आलेल्या माणसाची कुणी कीव करायची? आणि मी तोंड उघडून सांगू तरी काय? की धंदा उत्तम आहे, हे हाल मी तुमचे करायला आखले होते, फक्त ते माझे झाले?

बोटीतून उतरल्या उतरल्या मी आधी ठरवलेली पत्र्याची खोली रद्द केली आणि समुद्रासमोरच्या हॉटेलात दोन वेगवेगळ्या खोल्या घेतल्या. मोहनराव दचकले. कशाला, कशाला, असं म्हणत त्यांनी माझा हात धरला. मी रात्रीच्या जेवणाला त्यांना मेणबत्तीवाल्या टेबलावर बसवलं, आंबा आणि चिकट भात मागवला, वेटरला भरपूर बक्षीस दिलं. मी जितका खर्च करावा तितके त्यांचे डोळे भरून यावेत. शेवटी ते म्हणाले, फत्तेसिंहराव, माझ्यासमोर तरी असं करू नका हो. म्हणजे त्यांना वाटलं, मी उसनं अवसान आणतोय. स्वस्तात राहिलो तर गरीब, महागात राहिलो तर गरीब आणि मानी. या माणसाला मी श्रीमंत आहे हे पटवायला आता एकच जागा उरली होती, ती म्हणजे बडोद्यातला माझा मांडव, तीन हजार पान, आठ खांबांचं प्रवेशद्वार. म्हणजे माझ्या इभ्रतीसाठीसुद्धा लग्न बडोद्यातच व्हायला हवं होतं. तुम्हाला आता कळलं असेल की मी किती पेचात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लग्नाची जागा पाहायला गेलो. मी दोष काढायचे म्हणून गेलो होतो, आणि सुदैवानं तिथे दोषच दोष होते. संध्याकाळी कुणा परक्या जोडप्याचं लग्न होतं आणि चार पोरं बांबूचा मांडव बांधत होती. देखणी पोरं, पण बांबू वाळूत नुसता खोचलेला. वाळूत नुसता खोचलेला बांबू उभा राहत नाही, उभं राहिल्याचं सोंग करतो. वर पांढरं कापड नगाऱ्यासारखं ताणलेलं, वाऱ्याला जायला कुठे फटच नाही. मी मोहनरावांना म्हटलं, बघा, हे असं असतं. तासाभरात हे नवरीच्या डोक्यावर येणार. माझं काम झालं होतं. इथे मी गप्प बसलो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण वारा सुटला, एक खांब कलायला लागला, आणि नवरी मुलगी, झिपरी, गोरी, कुठल्या देशाची कोण जाणे, बाजूला खुर्चीवर केस विंचरत बसली होती ती उठून उभी राहिली आणि मांडवाकडे बघायला लागली. तिचा चेहरा बघितला आणि पुढचं मला नीटसं आठवत नाही. मोहनराव सांगतात की मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली (ती हाफ पँट नव्हती, हे तुमच्या लक्षात यावं) आणि मराठीतून ओरडत धावलो. त्या पोरांना मराठी येत नव्हतं, पण मांडवावरचं ओरडणं सगळीकडे सारखंच असावं, कारण ती लगेच हलली. प्रत्येक खांब काढला. हातभर खोल खड्डा, खांबाच्या तळाला आडवा बांबू बांधून दोन्ही पुरले. कापड उतरवून मधून ढिलं सोडलं, वाऱ्याला वाट ठेवली. माझ्या गाठी बघायला त्यांचा मुकादम जवळ आला, त्यानं मला त्याची एक गाठ दाखवली, चांगली होती, मी ती घेतली. तीन तास गेले. कंबर नावाची वस्तू आपल्याला आहे हे मी विसरलो होतो, तिनं मागाहून वसूल केलं. काम झाल्यावर नवऱ्या मुलानं मला शहाळं दिलं आणि पैसे विचारले. मी म्हटलं, मुलीचं लग्न आहे, असू दे. हे मी का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही.

मागे वळून पाहतो तर मोहनराव मोबाइल धरून उभे. व्हिडिओ दोन्ही घरच्या ग्रुपवर गेलेला. ते माझ्याजवळ आले, माझा वाळूनं भरलेला हात हातात घेतला आणि म्हणाले,

“लग्न इथेच. आमची एकच अट आहे. मांडव तुम्ही बांधायचा. दुसऱ्या कुणाचा आम्हाला चालणार नाही.”

आता तुम्ही न्याय करा. मुलाकडच्यांनी अट घातली. एकच घातली. ती मोडायची तर मी मुलीचा बाप कसला? मी फक्त घसा खाकरला. त्यालाच ते होकार समजले, तो त्यांचा सज्जनपणा. मी अजून मोकळा आहे.

बडोद्याला परत आलो तर दुकानात दोन गिऱ्हाइकं आधीच बसलेली. कारेलीबागेतली. विचारत होती, काका, हवे बेट उपर पण बांधो छो? म्हणजे आता बेटावरही बांधता का? मी त्यांना मोघम उत्तर दिलं. दर विचारून गेली.

एवढं सगळं मी तुम्हाला कळवलं कारण या कुटुंबात माझं दुःख समजून घेईल असा एक तुम्हीच. वहिनींना नमस्कार, धैर्यशीलला आशीर्वाद. थंडी सुरू होईल, गुडघ्याला जपा.

तुमचा,
फत्तेसिंह

ता. क. — गुडघ्याचं लिहिलं त्यावरून आठवलं. एक छोटीशी विनंती आहे. मामानं हात धरून आणल्याशिवाय नवरी मांडवात येत नाही, आणि शलाकेचा दुसरा मामा देवानं दिलेला नाही. तेव्हा तुम्ही तिला प्रेमानं कळवावं की डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली आहे, पण बडोद्यापर्यंत रेल्वेनं येता येईल. खोटं काही लिहायचं नाही. गुडघा दुखतो हे खरंच आहे, फक्त तो कुठल्या वाहनात दुखतो ते थोडं पुढे-मागे करायचं. ती माझं ऐकणार नाही, तुमच्यासाठी मात्र लग्न बडोद्याला आणेल. पत्र वाचून फाडून टाकावं.

आणखी एक — पाकिटाला डिंक लावायला मी हे पत्र टेबलावर ठेवलं होतं, तेवढ्यात तुमच्या बहिणीनं ते वाचलं. ती म्हणते की तुमचा पासपोर्ट कधीच आलेला आहे, आणि समुद्रात पोहायला कसली चड्डी घ्यावी असं तुम्ही तिला परवाच विचारलंत. निळी घ्या, असं तिनं सांगायला सांगितलंय. तेव्हा वरची विनंती वाचली नाही असं समजावं.

शेवटचं — येताना अंतरपाट घेऊन या, धैर्यशीलच्या लग्नात वहिनींनी कुंकवानं स्वस्तिक काढलेला. बेटावर मिळत नाही. मी तिथून निघायच्या आधी तीन दुकानांत विचारून आलो होतो.